झाळलेला गडू

तुकोजीराव इंगवले पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या वाटेवर पडले. त्यांचे चिरंजीव मल्हारराव दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढले आणि एक पाय अधू करून घरी आले. मल्हाररावांचे चिरंजीव काशिनाथराव सैन्याच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत हवालदार होते. ते बासष्ट साली हिवाळ्याच्या तोंडाशी हिमालयात गेले, आणि त्यांचे पुढे काय झाले हे कोरेगाव तालुक्यातल्या त्या घरात पुन्हा कधी मोठ्याने बोलले गेले नाही. या तीन शिपायांच्या मागे इंगवल्यांच्या घरात एकटी मुलगी उरली. तिचे नाव द्वारका.

ही द्वारका पुढे सूर्यवंशींची सून झाली, साताऱ्यात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि तिच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की वरच्या मजल्यावरचे वर्गसुद्धा गप्प होऊ लागले. सत्तरी ओलांडल्यावर मुलाच्या आग्रहाखातर त्या कुवेतला आल्या. धैर्यशील कुवेत सिटीतल्या एका बांधकाम कंपनीत हिशेब पाहत असे, सून समिधा जाब्रियाच्या इस्पितळात रक्त तपासण्याच्या विभागात होती, आणि बिऱ्हाड अबू हलीफ्याला, समुद्रासमोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर होते. दोघेही त्यांना आईसाहेब म्हणत. दुसरे काही म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

येताना द्वारकाबाईंनी सोबत दोन वस्तू आणल्या होत्या. एक दगडी खलबत्ता, ज्याच्या वजनावरून विमानतळावर वाद झाला आणि त्या वादात द्वारकाबाई जिंकल्या. दुसरी वस्तू म्हणजे तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा लहान गडू. आत गंगेचे पाणी होते. ते त्यांच्या आईने काशीहून आणले होते, नवरा परत न आल्याच्या दुसऱ्या वर्षी, गावातल्या यात्रेकरूंबरोबर जाऊन. माणूस जाताना त्याच्या मुखात गंगा पडावी, तुळशीचे पान असावे आणि हात आपल्या माणसाचा असावा, एवढीच त्या बाईची जगाकडे मागणी होती. स्वतः मरतानाही तिने गडू उघडू दिला नाही. "हा त्यांचा आहे," ती म्हणाली, "परत आले तर त्यांचा. नाहीतर तुझा." कपाळावरचे कुंकूही तिने तसेच ठेवले होते. इंगवल्यांच्या घरात काशिनाथरावांचे श्राद्ध कधी झाले नाही. जो गेलाच नाही, त्याला पाणी कोण सोडणार?

अबू हलीफ्याच्या देवघरात तो गडू बाळकृष्णाच्या डाव्या हाताला बसला. परमुलखात डोळे मिटले तरी चिंता नको, असे द्वारकाबाई म्हणत, आणि समिधा दर वेळी "असं काय बोलता, आईसाहेब," असे म्हणून गडूवरची धूळ पुसत असे.

समोरच्या दारावर लाल कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावरची अक्षरे पाहून द्वारकाबाईंना पहिल्याच दिवशी कळले की तिथे कोण राहते. फेंग नावाचा इंजिनिअर, त्याची बायको लान, आणि इंजिनिअरचा म्हातारा बाप. म्हातारा वाळकुडा होता, पाठीत वाकलेला, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणे लावणारा. लिफ्टमध्ये भेटला की तो मान लववून नमस्कार करी. द्वारकाबाई लिफ्टमधल्या आकड्यांकडे पाहत राहत. सातपासून शून्यापर्यंत त्या रोज पाहत, जणू ते आकडे पहिल्यांदाच लागले आहेत.

दिवाळीला दोन आठवडे उरले असताना टीव्हीवर दोन देशांच्या मैत्रीची चर्चा चालली होती. हस्तांदोलनाचे तेच ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. थेट विमाने पुन्हा सुरू होणार होती. धैर्यशीलने आवाज कमी केला आणि घसा साफ केला. मुलगा घसा साफ करू लागला की काहीतरी नको असलेले येणार, हे द्वारकाबाईंना त्याच्या चौथीपासून ठाऊक होते.

"आईसाहेब, दिवाळीनंतरच्या शुक्रवारी समोरच्यांना जेवायला बोलवावं म्हणतो."

"समोरच्यांना म्हणजे?"

"फेंगना. तिघांनाही."

द्वारकाबाईंनी ताटातला घास तसाच ठेवला. "कोणाला म्हणालास?"

"आईसाहेब, आमच्या कंपनीचं आणि त्यांच्या कंपनीचं काम एकत्र आलंय. मी रोज त्यांच्या शेजारी बसून डबा खातो."

"बाहेर तू काय खातोस ते मी कधी विचारलं नाही."

"आता सगळं सुरळीत होतंय. विमानं सुरू होतायत. कैलासाची यात्रा सुद्धा—"

"पाच वर्षांपूर्वी गलवानला काय झालं, ते विसरलास?"

"विसरलो नाही. पण सरकारनंच जमवून घेतलंय, तर आपण..."

"सरकारचा बाप गेला नव्हता, धैर्या. माझा गेला." त्या हळू बोलत होत्या, शाळेतही फार रागावल्या की त्यांचा आवाज उतरत असे. "मी पाच-सहा वर्षांची असताना बाबांच्या खांद्यावर बसून भाई-भाईच्या घोषणा दिल्या होत्या. सगळा गाव देत होता. त्याच खांद्यांवर बंदूक घेऊन ते गेले. आता पुन्हा हात मिळवले म्हणता. मिळवोत. मला कोणी विचारलं नव्हतं. पण या घरात त्या माणसांना पाण्याचा घोट मिळणार नाही. मी आहे तोवर नाही."

समिधाने वातावरण हलके करायला म्हटले, "अहो आईसाहेब, आपला मिक्सरसुद्धा तिकडचाच आहे. रोज त्यातच तर चटणी होते."

धैर्यशीलला हसू आले आणि त्याने ते पाण्याच्या पेल्यात लपवले. द्वारकाबाई उठल्या, मिक्सर उलटा करून त्याच्या बुडाखालची अक्षरे चष्मा लावून वाचली, आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात चटणी खलबत्त्यात कुटली जाऊ लागली. ठोक्यांचा आवाज भिंतीपलीकडे जाई. तो जावा, अशीच त्यांची इच्छा होती.

पण कुटता कुटता त्यांचा हात मध्येच थांबे. मुलाला त्यांनी सांगितले होते ते खरे होते, पण पुरते नव्हते. वैर होते तोवर काशिनाथराव कशासाठी तरी गेले होते. उद्या सगळे सुरळीत झाले, येणेजाणे सुरू झाले, लोक तिकडे सहली काढू लागले, तर मग ते कशासाठी गेले? ज्या दिवशी हे वैर मिटेल त्या दिवशी बाबा दुसऱ्यांदा जातील, असे त्यांना वाटे, आणि या खेपेला त्यांच्यासाठी कुंकू राखून बसणारे कोणी नसेल.

संध्याकाळी त्या समुद्राकाठी फिरायला जात. ऑक्टोबर निम्मा होत आला होता, वारा सोसण्याजोगा झाला होता. एका संध्याकाळी त्या बाकावर बसल्या असताना दुसऱ्या टोकाला म्हातारा फेंग येऊन बसला. उठून जावे, तर आपणच पळालो असे होईल. म्हणून त्या बसून राहिल्या.

म्हाताऱ्याने खिशातून फोन काढला, त्याच्याशी काहीतरी बोलला आणि तो दोघांच्या मध्ये ठेवला. फोन मराठीत बोलू लागला, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात:

"नमस्कार, आदरणीय महिला. मी समोरच्या दाराचा म्हातारा माणूस आहे."

द्वारकाबाईंना हसू येऊ पाहत होते. त्यांनी ते आवरले. "आदरणीय महिला! आकाशवाणीच आहे जणू."

फोनने तेही त्याच्या भाषेत सांगितले असावे, कारण म्हातारा तोंडावर हात ठेवून हसला. मग गंभीर झाला. "माझ्या सुनेला तुमच्या सुनेने सांगितले. तुमचे वडील त्या युद्धात मरण पावले."

लाटा येत होत्या, जात होत्या. 'मरण पावले' हे शब्द त्यांच्या घरात आजवर कोणी उच्चारले नव्हते, आणि आता ते एका यंत्राने उच्चारले होते. द्वारकाबाईंनी फोनकडे न पाहता विचारले, "तुम्ही होतात का तिथे?"

"नाही. मी रेल्वेत होतो, फार दूर. माझा मोठा भाऊ होता. तो परत आला नाही. आई मरेपर्यंत जेवताना त्याची वाटी मांडत असे." म्हातारा पुन्हा फोनकडे वाकला. "लोक म्हणतात तो तुमच्या बाजूच्या डोंगरात पुरला आहे. तिथे त्याला कोणी काही देत असेल का?"

"आमच्या डोंगरात यायला त्याला सांगितलं होतं कोणी?"

शब्द बंदुकीच्या गोळीसारखे सुटले. फोनने ते सपाट सुरात म्हाताऱ्याला ऐकवले. म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला राग आला नव्हता.

"सांगितले होते," फोन म्हणाला. "विचारले मात्र नव्हते."

मग त्याने पिशवीतून थर्मास काढला. टोपणात पाणी ओतले. त्यातून वाफ निघत होती. या उन्हाच्या मुलखात हा माणूस कढत पाणी पितो, हे पाहून द्वारकाबाईंच्या कपाळावर आठी आली. म्हाताऱ्याने टोपण ओठांजवळ धरले, फू, फू, असे फुंकून ते निववले, आणि स्वतः न पिता दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले.

द्वारकाबाई ताडकन उठल्या आणि निघाल्या. रस्ता ओलांडला, कोपऱ्यावरचा बकाला ओलांडला, त्या दुकानाच्या मल्याळी मालकाचा नमस्कार त्यांना दिसलाही नाही. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी सातचे बटण दाबले. ते फुंकणे त्यांना माहीत होते. पाहिले नव्हते, ऐकले होते.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, कैदी सुटून परत येऊ लागले तेव्हा, बाबांच्या तुकडीतले साळुंखे नाईक गावी आले होते. हाडांचा सापळा झालेला माणूस ओट्यावर बसला होता. आईने तांब्या पुढे ठेवला होता. बारा वर्षांची द्वारका दाराआड उभी होती.

"वहिनी," साळुंखे म्हणाले होते, "हवालदारसाहेब छावणीत गेले. जखम चिघळली होती. पाणी पाणी करत होते. आम्हांपैकी कुणाला उठवत नव्हतं. पहाऱ्यावर एक पोरगं होतं, मिसरूड न फुटलेलं. त्यानं साहेबांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या लोकांचं पाणी कढत असतं. फुंकून फुंकून निववलं आणि घोट घोट पाजलं. साहेब शांत झाले हो. रडत होतं ते पोरगं."

आई उभी राहिली. तिचा तो आवाज द्वारकाबाईंनी पुढे आयुष्यभर वापरला. "माझे मालक शत्रूच्या हातचं पाणी पिणार नाहीत. तुम्ही प्यालात, म्हणून तुम्ही परत आलात. माझे मालक यायचे आहेत. चला, उठा."

साळुंखे उठले. तांब्याला त्यांनी हात लावला नव्हता. ते वेशीपर्यंत गेलेले दिसले आणि पुढे कधीच दिसले नाहीत. आईने ते पाणी अंगणात ओतले आणि तांब्या राखेने घासला.

म्हणजे असे होते की, मुलाने करायचे ते काम एका परक्या पोराने केले होते. इंगवल्यांना मुलगा नव्हता, मुलगी दूर होती, आणि ज्याच्याशी वैर त्यानेच मांडी दिली होती. हे खरे मानले तर बाबा गेले होते. खोटे मानले तर घर कोणाचे देणे लागत नव्हते. आईने खोटे मानले. द्वारकाबाईंनी आईचा शब्द मोडला नाही. त्यांनी हे नवऱ्यालाही सांगितले नव्हते, धैर्यशीललाही नाही.

त्यानंतर त्या संध्याकाळी फिरायला गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या.

वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बेल वाजली. एकदा नव्हे, सारखी वाजत राहिली. धैर्यशील आणि समिधा दोघेही कामावर होते. द्वारकाबाईंनी दार उघडले. लान अनवाणी उभी होती, केस सुटलेले, फोन कानाला.

"आंटी! फादर! प्लीज, आंटी!"

समोरच्या घराचा उंबरा त्यांनी विचार करण्याआधीच ओलांडला. म्हातारा कोचावर कलंडला होता. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम, गळ्याचे बटण सोडलेले. लान एका फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती, दुसरा लावून नवऱ्याला शोधत होती. नवरा शहराबाहेर साइटवर होता. फोन लागत नव्हता. द्वारकाबाईंनी नाडी पाहिली. त्यांनी घरातली बरीच माणसे पोचवली होती. रुग्णवाहिकेची वाट पाहायची ती सुनेच्या समाधानासाठी, हे त्यांना बोटांखाली समजले.

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. शब्द कळला नाही, पण त्या शब्दासाठी फोनची गरज नव्हती. लान धावत जाऊन पेला घेऊन आली. पाणी कढत होते, घाईत निम्मे पाणी बशीत सांडले. तेवढ्यात रुग्णवाहिकेचा फोन आला आणि ती जिन्याचा रस्ता समजावून सांगू लागली.

द्वारकाबाई उठल्या आणि आपल्या घरात आल्या.

देवघरासमोर त्या थांबल्या. गडू नेहमीच्या जागी होता. हा त्यांचा आहे. परत आले तर त्यांचा, नाहीतर तुझा. साठ वर्षे तोंड न उघडलेले ते भांडे त्यांनी हातात घेतले. अजून जड होते. आई, त्या मनात म्हणाल्या, ते आले नाहीत गं. साळुंखे खरे बोलत होते.

त्यांनी सुरीचे टोक झाळेवर टेकवले आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोका घातला. पहिल्या ठोक्याला खण् झाले. दुसऱ्या ठोक्याला शिसे फाटले. बाल्कनीतल्या कुंडीतून तुळशीचे पान खुडले, संध्येची पळी घेतली, आणि समोर गेल्या.

त्या जमिनीवर बसल्या, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, आणि म्हाताऱ्याला हलकेच खाली सरकवून त्यांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. केवढे हलके डोके होते ते. पेल्यातल्या कढत पाण्यात त्यांनी गडूतले थोडे गंगेचे पाणी ओतले. मग पळी भरली, ओठांजवळ नेली आणि फुंकली. फू. फू. वाफ विरली. पळी त्यांनी त्याच्या मुखात ओतली.

म्हाताऱ्याने घोट घेतला. डोळे उघडले. कोणाची मांडी आहे हे त्याला कळले असावे, कारण त्याने हात हलवून त्यांच्या मनगटाला स्पर्श केला आणि काहीतरी सांगितले, दोन-चार शब्द. त्याचा फोन मेजावर पडला होता, तो काही बोलला नाही. द्वारकाबाईंनी "हो" म्हटले. आणखी एक पळी दिली. तिसरी ओठांच्या कडेने ओघळली, तेव्हा त्यांनी ती पदराने टिपली आणि तुळशीचे पान त्याच्या जिभेवर ठेवले.

लान दारात उभी होती. तिच्या हातातला फोन तसाच बोलत राहिला होता.

"ये, बाळ," द्वारकाबाई मराठीतच म्हणाल्या. "इकडे ये. हात धर त्यांचा."

रुग्णवाहिकेची माणसे आली, त्यांनी त्यांचे काम केले, आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये उभे धरून न्यावे लागले. ते पाहून द्वारकाबाईंनी तोंड फिरवले.

संध्याकाळी धैर्यशील आला, त्याच्या मागोमाग समिधा. बातमी त्यांना खालीच कळली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर फाटल्या तोंडाचा गडू होता, शेजारी बत्ता. आईसाहेब पाटावर बसल्या होत्या. त्या रडत होत्या, आवाज न करता, आणि पुसत नव्हत्या. त्यांना रडताना धैर्यशीलने वडील गेले तेव्हाही पाहिले नव्हते.

"आईसाहेब... हा तर तुमचा गडू."

"बस इथं," त्या म्हणाल्या. "तूही बस, समिधा."

आणि त्यांनी साळुंखे नाईकांची गोष्ट सांगितली. ओट्यावरचा न शिवलेला तांब्याही सांगितला. 

"म्हणजे आजोबांना शेवटचं पाणी..." धैर्यशीलने ओट्यावरच्या गडूकडे पाहिले.

"एका चिनी पोरानं दिलं. त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. आणि आम्ही ते पाणीच नाकारत बसलो." त्यांनी पदराने तोंड पुसले, आवाज पुन्हा जागेवर आला. "समोर आज चूल पेटणार नाही. समिधा, पिठलं-भात टाक. आणि नेऊन देऊ नकोस, त्यांना इथं घेऊन ये. नवरा-बायको दोघांना. आपल्या घरात बसून दोन घास खाऊ देत."

"हो, आईसाहेब."

"धैर्या, तू आंघोळ करून ये. गडूत पाणी उरलंय. माझ्या बाबांच्या नावानं सोड. इतकी वर्षं त्यांना कोणी ओंजळभर पाणी दिलं नाही. आणि एक ओंजळ समोरच्या म्हाताऱ्यांच्या थोरल्या भावाच्या नावानं सोड. आपल्या डोंगरात पडलाय तो. नाव विचारून ये."

धैर्यशील जाग्यावरच घुटमळला. "सगळं सोडलं तर मग तुम्हाला, आईसाहेब? तुमच्यासाठी काय उरेल?"

"मला तू आहेस की. नळाचं दे. इथल्या नळाला समुद्राचंच पाणी गोडं करून सोडतात म्हणे, तेच दे."

तो समोर गेला आणि थोड्या वेळाने परतला. कागदाच्या चिटोऱ्यावर फेंगने आपल्या लिपीत नाव लिहून दिले होते, आणि खाली धैर्यशीलने देवनागरीत उच्चार लिहून घेतला होता. द्वारकाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, चुकू नये म्हणून.

बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशी धैर्यशील दक्षिणेकडे तोंड करून बसला. पहिल्या ओंजळीला त्यांनी स्वतः नाव सांगितले, "काशिनाथ मल्हारराव इंगवले," आणि नाव सांगताना त्यांचा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा झाला. दुसऱ्या ओंजळीला त्यांनी चिटोऱ्यावरचे परके नाव सावकाश, एकेक अक्षर सुटे करून उच्चारले. शेजारी फेंग उभा होता. ते नाव ऐकून त्याने डोळे मिटले.

पाणी कुंडीतून झिरपले, खालच्या ताटलीत उतरले. धैर्यशीलने गडू उपडा केला. आत थेंबही उरला नव्हता.

"फिटलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुरतं फिटलं."